बोलक्या बाहुलीवरचा कर

रबराच्या डोक्यावर डोळा काढायचा तर आधी पांढरा रंग, मग तपकिरी, त्यावर काळं बुबुळ, आणि सगळं वाळल्यावर शेवटी एक पांढरा टिपका. तो टिपका दिला की डोकं आपल्याकडं बघायला लागतं. सणसवाडीच्या बाहुल्यांच्या कंपनीत मी हे काम शिकले तेव्हा माझी बारावी नुकतीच झाली होती. शिकवणारी बाई इनामगावची, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी. तिचा नवरा तिथंच एका फाउंड्रीत होता आणि दोघं सणसवाडीत खोली घेऊन राहायची. कंपनीतल्या सगळ्या बाया तिला अक्का म्हणत, म्हणून मीही म्हणायला लागले.

आम्ही शिरूरचे. शिरूरात आमचं घर किती पिढ्यांचं आहे ते अब्बांनाही नीट सांगता यायचं नाही. अब्बा एसटीत कंडक्टर होते. शिरूर डेपोचा प्रत्येक ड्रायव्हर मला ओळखत होता, त्यामुळेच घरच्यांनी मला रोज एवढ्या लांब कामाला पाठवलं. अम्मीची एकच अट होती, बाहुल्या करायच्या असतील तर कर, पण एकही घरी आणायची नाही. ती तेव्हा म्हणाली होती, "चेहरा असलेली वस्तू घरात नको." मी कधी आणली नाही.

कंपनीचे मालक दौंडकडच्या बागायतदार घरातले. त्यांचे वडील साखर कारखान्याच्या संचालक मंडळावर होते. हे मात्र शिकून धंद्यात उतरलेले. सगळे त्यांना दादा म्हणत. फोनवर ते पुण्याचं मराठी बोलायचे आणि आमच्याशी आमच्यासारखं. शेडमध्ये येऊन बाकावर बसायचे, कुणाच्या घरी काय चाललंय ते विचारायचे. आपल्यातला माणूस मालक झालाय याचं आम्हाला अप्रूप होतं.

आमच्या बाहुल्या चांगल्या नव्हत्या, हे सांगितलं पाहिजे. केस उपटले की हातात यायचे. साच्याच्या कडेची रबराची धार नीट कापलेली नसायची, तिनं पोरांच्या बोटांना ओरखडे पडायचे. डोळे घाईत काढलेले, एक वर एक खाली. तरी माल पडून राहत नव्हता. याचं कारण दादांनीच एकदा जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना समजावून सांगितलं.

"बाहेरच्या देशातली खेळणी परवान्याशिवाय आणता येत न्हाईत. आणि आणलीच, तर सरकार त्यावर एवढा कर लावतं की बंदरातनं भाईर पडेस्तोवर बाहुली सोन्याची व्हती. म्हंजी काय, तर सरकारनं आपल्याभोवती कुंपण घातलंय. तुमच्या पोटासाठी."

अक्का डबा खात होती. ती म्हणाली, "कुंपण हाय ते बरंच हाय दादा. पण आत पीक बी तसं पायजे. कालच्या पेटीत तिघींचं पाय निसटलं."

दादा हसले. "कोण बघतंय, अक्का? दुसरी मिळतीय कुठं त्यांना?"

सगळ्या बाया हसल्या, मीही हसले.

त्यानंतरच्या वर्षांत कुंपण दरसाल थोडं थोडं खाली यायला लागलं. बजेटच्या दुसऱ्या दिवशी दादा पेपर घेऊन शेडमध्ये यायचे आणि वाचून दाखवायचे. यंदा कर इतका उतरला, पुढल्या साली आणखी उतरेल. पहिल्यांदा आम्हाला त्यात काही कळलं नाही, कारण रोजचं काम तेवढंच होतं. मग खेळण्यांवरची परवान्याची अटही गेली, आणि एका उन्हाळ्यात दादा पुण्याहून एक बाहुली घेऊन आले.

त्यांनी ती बाकावर ठेवली. म्हणाले, "हात लावून बघा."

बाहुली हातोहात फिरली. तिचे केस ओढले तरी येत नव्हते. बोटं सुटी सुटी होती. अक्कानं तिला आडवी केली तर डोळे मिटले, उभी केली तर उघडले. अक्कानं परत आडवी केली, परत उभी केली. मग तिच्या डोळ्यांजवळ बोट नेऊन म्हणाली, "हिला पापण्या हायेत."

"आणि आपल्या बाहुलीपेक्षा स्वस्त हाय," दादा म्हणाले. "चीनची."

मला आठवतं, मशीनवरच्या एका माणसानं बाहुलीचा पाय फिरवून बघितला, सांधा कसा बसवलाय ते पाहिलं आणि मान हलवून निघून गेला.

त्या दिवशी दादा हबकले होते, पण हरले नव्हते. त्यांनी नवे साचे आणले. रंग बदलले, बारीक केसांचे ब्रश आणले. कडेची धार कापायला दोन बाया वेगळ्या बसवल्या. अक्कानं डोळ्यांचा नाद घेतला. चीनच्या बाहुलीचे डोळे मिटायचे खरे, पण ती समोर कुठंतरी लांब बघायची. अक्कानं बुबुळ किंचित खाली आणि आत घेतलं आणि टिपका वरच्या अंगाला दिला. त्यामुळं मांडीवर घेतली की बाहुली मुलाच्या तोंडाकडं बघायची. हे तिला जमायला बरेच दिवस लागले. बिघडलेली डोकी ती थिनरनं पुसायची आणि परत काढायची. एकदा तिनं मला समोर बसवलं, एक डोकं हातात धरलं आणि विचारलं, "बघ, कुणाकडं बघती?"

"माझ्याकडं," मी म्हणाले.

"आता सरक तिकडं."

मी सरकले.

"आता?"

"अजून माझ्याकडंच."

अक्का नुसतं "व्हय" म्हणाली आणि दुसरं डोकं घेतलं. तिला इतकी समाधानी मी त्याआधी पाहिली नव्हती.

माझ्या नोकरीतला तोच चांगला काळ. कुंपण उंच होतं तोवर चांगलं काम आमच्याकडं कुणी मागितलंच नव्हतं. ते पडायला लागलं तेव्हा कुठं आम्ही कारागीर झालो. पण दुकानदार आमच्या बाहुल्या हातात घ्यायचे, छान आहेत म्हणायचे आणि चीनच्या पेट्या उचलायचे. आम्ही चीनच्या बाहुलीइतक्या चांगल्या बाहुल्या करायला लागलो होतो. तिच्याइतक्या स्वस्त मात्र कधीच करू शकलो नाही.

दिवाळीनंतर दादा चीनला जाऊन आले. नवी मशीन बघायला गेलेत असं सुपरवायझरनं सांगितलं होतं. मशीन काही आली नाही. असलेल्याच मशीन बघायला गुजरातकडची माणसं यायला लागली, फूटपट्टी लावून मोजून जायची. अक्कानं एकाला विचारलं, तर तो म्हणाला, "खरीद लिया, बहनजी."

मग दादांनी सगळ्यांना एकत्र बोलावलं. त्या दिवशी ते आमच्यासारखं बोलले नाहीत. पुण्याचं मराठी बोलले.

"मी तिथं स्वतः पाहून आलो आहे. त्यांच्या एका कारखान्यात आपल्या अख्ख्या सणसवाडीएवढी माणसं बसतात. त्यांच्याशी आपण लढू शकत नाही. गिऱ्हाइकाला बाहुली हवी असते, ती कुठं तयार झाली याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. त्यामुळं यापुढं आपण बाहुल्या आणणार आणि विकणार. या शेडचं गोडाऊन होईल. कायद्यानं तुमचं जे आहे ते सगळं मिळेल."

अक्का उठून म्हणाली, "दादा, डोळं आपलं चांगलं हुतं."

"डोळ्यांचा प्रश्न नाही, अक्का."

जाताना त्यांनी प्रत्येकीला एक बाहुली दिली. पहिल्या कंटेनरमधून आलेली, सुंदर खोक्यात. फाटकावर वॉचमनचं स्टूल होतं. अक्कानं तिचं खोकं त्या स्टुलावर ठेवलं आणि मागं न बघता चालायला लागली. तिच्यामागं मीही माझं ठेवलं. त्यामागं आणखी कुणी कुणी. बस आली तेव्हा स्टूल दिसत नव्हतं, एवढी खोकी झाली होती. दादांनी ती नंतर आत नेऊन विकली असणार.

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी दौंडला आले. नवऱ्याचं स्टेशनजवळ दुकान होतं. प्लास्टिकच्या बादल्या, डबे, झाडू, आणि एका बाजूला खेळणी. लग्नानंतर मी पहिल्यांदा दुकानात गेले तेव्हा त्यानं कौतुकानं सगळा माल दाखवला. खेळण्यांच्या फळीवर तीच खोकी होती. एक उलटं करून पाहिलं, तर खाली आयात करणारा म्हणून दादांचं नाव आणि पत्ता सणसवाडीचा. आमच्याच शेडचा.

मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग तर ओळखीचा माल आहे." त्यात टोमणा नव्हता. साधा, कष्टाळू माणूस आहे तो. त्याला खरोखर बरं वाटलं.

दुकान त्या मालावर चांगलं चाललं. रेल्वेची माणसं यायची, आसपासच्या गावांतून बाजाराला आलेली यायची. साखर कारखाने सुरू झाले की ऊसतोडीच्या टोळ्यांतल्या बाया यायच्या. त्यातल्या एकीनं माझ्याकडून बाहुली घेतली तो प्रसंग मी विसरले नाही. तिच्या कडेवरच्या पोरीनं खोकं धरलं ते सोडेना. बाईनं भाव विचारला, परत विचारला, तिचा विश्वास बसत नव्हता. घेतली आणि जाताना म्हणाली, "आमच्यात कुणाला इकत घेतलेली बाहुली नव्हती." कुंपण शाबूत असतं तर आमच्या सणसवाडीची वाकड्या डोळ्यांची बाहुलीसुद्धा तिला परवडली नसती. हे मला कळत होतं. कळत होतं म्हणूनच गिळायला जड जात होतं.

घरात कधी भांडण झालं आणि मी माझ्या कंपनीची आठवण काढली, तर नवरा एवढंच म्हणायचा, "तुझी कंपनी ज्या मालानं खाल्ली, त्याच मालावर आपली चूल पेटते." मी भांडी आवरायला उठायचे.

अशी बरीच वर्षं गेली. मुलगी झाली, मोठी झाली. अक्का सणसवाडीतच राहिली. परप्रांतातून आलेल्या कामगारांना ती डबे करून द्यायची. कधी फोन व्हायचा. बाहुल्यांचं नाव आम्ही दोघी काढत नव्हतो.

मग कोरोनाच्या थोडं आधीच्या बजेटात खेळण्यांवरचा कर एका फटक्यात तिप्पट झाला. टीव्हीवर माणसं सांगत होती, आता आपली मुलं आपल्याच मातीतल्या खेळण्यांशी खेळणार. पाठोपाठ नियम आला की सरकारी दर्जाचा शिक्का असल्याशिवाय एकही खेळणं विकायचं नाही. नवऱ्यानं पुण्याच्या होलसेलवाल्याला फोन केला. तो म्हणाला, जुना माल हळूहळू काढून टाका. हळूहळू काढायला गिऱ्हाईक कुठं होतं? टाळेबंदीत दुकान बंद, आणि उघडल्यावर तपासणीची माणसं आली. शिक्का नसलेल्या पेट्या त्यांनी कायद्याप्रमाणे उचलल्या. नवऱ्याची सही घेतली. आवाज चढवला नाही, काही नाही.

ते गेल्यावर नवरा रिकाम्या फळीकडं बघत बसला. "मी घेतला तेव्हा हा माल चोख होता," तो म्हणाला. "माल तोच आहे, मीपण तोच आहे. मग चोर कधी झालो मी?"

मोठ्या व्यापाऱ्यांचं काही बिघडलं नाही. त्यांनी कर वाढायच्या आत गोडाऊनं भरून ठेवली होती आणि शिक्क्याचा नियम लागायच्या आत रिकामी केली होती, असं होलसेलवाला सांगायचा. दादांचीही भरली होती. ज्याला आधी कळतं त्याला कर कधी लागत नाही. तो लागतो दौंड स्टेशनजवळच्या दुकानदाराला.

आणि दादाच एक दिवस आमच्या दुकानात आले. केस सगळे पांढरे झालेले, पण चाल तीच. नवऱ्यानं खुर्ची दिली, चहा मागवला. दादा परत आमच्यासारखं बोलत होते.

"आता आपलं दिवस आल्यात बघ. सरकारनं कुंपण परत उभं केलंय. दौंडकडंच, आमच्या रानाला लागून शेड टाकलीय. देशात बाहुली तयार करायची. जुनी माणसं पायजेत मला. अक्का कुठं असती?"

"इनामगावला गेली परत," मी म्हणाले. "टाळेबंदीत खोल्या रिकाम्या झाल्या, डबे बंद पडले."

"तिला घिऊन ये. तिच्यासारखा हात न्हाई कुणाचा."

ते गेल्यावर मी नवऱ्याकडं पाहिलं. तो चहाचे कप उचलत होता. म्हणाला, "जा. घरात एकाला तरी या कराचा फायदा होऊ दे."

मी इनामगावला गेले. अक्का अंगणात घेवडा सोलत बसली होती. तिचा नवरा वारला होता, मुलगा वाट्यानं शेत करत होता. मी दादांचा निरोप सांगितला. तिनं घेवड्याची पाटी बाजूला सारली.

"डोळं काढायचं हायेत?"

"दादा म्हणाले, तुझ्यासारखा हात नाही."

"पर डोळं काढायचं हायेत नव्हं?" तिनं परत विचारलं. "मला दिसतंय अजून बारीक. गेल्या साली मोतीबिंदू काढलाय." आणि तिनं माझ्या ओढणीवरची नक्षी लांबून वाचावी तशी सांगून दाखवली.

नव्या शेडमध्ये आम्ही पहिल्या दिवशी गेलो तेव्हा रंगाचा वास नव्हता. थिनरचा नव्हता, तापलेल्या रबराचाही नव्हता. कुठंही साच्याची मशीन नव्हती. लांब टेबलं होती, त्यावर स्क्रू फिरवायच्या मशीन टांगलेल्या, आणि भिंतीला लागून खोकी. एका खोक्यात धडं, एकात पाय, एकात डोकी. केस बसवलेली, ओठ रंगवलेली, डोळे छापलेली. चिनी अक्षरं असलेल्या पातळ पिशव्यांत एकेक डोकं गुंडाळलेलं.

अक्कानं एक डोकं काढून हातात घेतलं. मला म्हणाली, "आमच्या गावात पुण्याचं कालिजवालं जुनी वस्ती खणाया यायचं, तवा आमची आई पाट्या उचलायला जायाची. मी लहान हुते. तवा मातीची एक बाई निघाली हुती, हजारो वर्सांपूर्वीची. तिला डोकंच नव्हतं. आन् हितं बघ, नुसती डोकी."

आमचं काम होतं डोकं धडावर बसवायचं, हातपाय जोडायचे, पोटात एक लहानसा यंत्राचा तुकडा आणि सेल घालायचा, वर झाकण लावून स्क्रू फिरवायचा आणि पोट दाबून बघायचं. दाबलं की बाहुली बोलायची, "आय लव्ह यू, मम्मी." प्रत्येक बाहुली तपासावी लागायची. शेडमध्ये दिवसभर दुसरा आवाज नव्हता. संध्याकाळी घरी आले की भाजी परतताना तो कानात वाजायचा.

दोन-तीन दिवस अक्कानं वाट पाहिली. मग दादा फेरीवर आले तेव्हा तिनं विचारलं, "दादा, डोळं काढाया बोलावलं हुतं नव्हं?"

"डोळे तिथनंच छापून येत्यात, अक्का. एक बी वाकडा न्हाई."

"मंग आमचं काय काम हितं?"

दादांनी लपवलं नाही. त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. "अख्खी बाहुली आणली तर कर लई हाय. सुटे भाग आणलं तरी साध्या बाहुलीच्या भागांना तेवढाच कर. पण बोलणारी असंल, तर ते इलेक्ट्रॉनिक खेळण्याचे भाग धरत्यात. त्यांना कर कमी. म्हणून सगळ्या बोलक्या केल्यात. आणि खोक्यावर भारतात तयार झाली असं लिहायचं, तर भारतात कायतरी करायला पायजे ना. ते तुमी करताय."

"म्हंजी ही बोलती ती पोरांसाठी न्हाई," अक्का म्हणाली.

"पोरांना बी आवडतं की," दादा म्हणाले, आणि पुढच्या टेबलाकडं गेले.

कायद्याबाहेर त्यांनी काही केलं नव्हतं. कर बसवणाऱ्यांनी आमच्यासारख्यांची पोटं डोळ्यांपुढं ठेवून तो बसवला असेलही. पण कर आणि आमच्यामध्ये दादा उभे होते. कर उतरला तेव्हा त्यांचं भलं झालं, चढला तेव्हाही झालं. माझ्या घरात मात्र तो उतरला तेव्हा माझं काम गेलं, आणि चढला तेव्हा नवऱ्याचा माल.

अक्का लगेच सोडून गेली नाही. गावाकडं परत घेवडा सोलायला जायचं तिच्या जिवावर आलं होतं. आणि मग, आम्हाला वाटलं, तिच्या थांबण्याचं चीज झालं. अमेरिकेतल्या एका खरेदीदाराला हातानं रंगवलेल्या बाहुल्या हव्या होत्या. चीनचा माल त्याला नको होता, त्यावर त्यांच्या सरकारनं आधीच कर चढवला होता. दादांनी कोरी डोकी इथंच एका कारखान्यातून करवून घेतली आणि अक्काला शेडच्या कोपऱ्यात टेबल मांडून दिलं. तिच्या हाताखाली दहाएक मुली, काही आसपासच्या गावांतल्या, काही बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या कामगारांच्या घरातल्या. अक्का त्यांना तिच्या हिंदीत शिकवायची. "पयले सफेद, सूखने का, फिर तपकिरी." मुली हसायच्या, पण हात चालायचा. मीही बोलक्या बाहुल्यांच्या टेबलावरून उठून तिथं गेले. एवढ्या वर्षांनी ब्रश हातात धरला तर पहिल्या दिवशी टिपका वाकडा पडला. दुसऱ्या दिवशी नीट बसला.

पहिली पाठवणी गेली. खरेदीदारानं फोटो पाठवला, एका अमेरिकन पोरीच्या मांडीवर आमची बाहुली, तिच्या तोंडाकडं बघणारी. दादांनी तो मोठा करून भिंतीवर लावला. दुसरी ऑर्डर पहिलीपेक्षा मोठी होती. ती तयार होऊन पेट्या भरल्या, आणि अमेरिकेनं भारताच्या मालावरच कर चढवला. थोडाथोडका नाही. खरेदीदाराचा निरोप आला, सध्या पाठवू नका.

दादा त्या दिवशी शेडमध्ये येरझाऱ्या घालत होते. शेवटी आमच्या टेबलाजवळ उभे राहिले. "ही काय रीत झाली? आपण मर मर मरून चांगला माल करायचा, आन् त्यांनी वाटंत भिंत बांधायची?"

अक्का हातातल्या डोक्यावर टिपका देत होती. तो देऊन झाल्यावर म्हणाली, "तिकडं बी कुणी एक दादा असंल. त्यानं तिथल्या बायांना सांगितलं असंल, तुमच्या पोटासाठी कुंपण घातलंय म्हणून."

"तुला यातलं राजकारण कळत न्हाई, अक्का," दादा म्हणाले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि ते बोलत बोलत बाहेर गेले.

त्या महिन्याअखेर रंगाचं टेबल उचललं. मुली गेल्या. अक्कालाही उद्यापासून येऊ नको सांगितलं, वय झालंय म्हणून. तिनं ब्रश धुतले, थिनरचा डबा नीट बंद केला आणि मुलाला फोन करून मोटारसायकलवर बोलावून घेतलं. मला म्हणाली, "तू ऱ्हा. तुला पोरगी शिकवायची हाय." मी राहिले. बोलक्या बाहुल्यांचं टेबल चालूच होतं. ते अजूनही चालू आहे. अमेरिकेचा तो कर पुढं खालीवर होत राहिला, पेपरात येतं अधूनमधून. खरेदीदार काही परत आला नाही.

माझी मुलगी दौंडला कॉलेजात कॉमर्स करते. परीक्षेच्या आधी तिनं पुस्तक माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, मी उत्तर म्हणते, तू तपास. प्रश्न आयात कराचा होता. ती घडाघडा म्हणत गेली. बाल्यावस्थेतील उद्योगांना परकीय स्पर्धेपासून संरक्षण मिळावं, म्हणून सुरुवातीच्या काळात आयातीवर जास्त कर लावतात. उद्योग सक्षम झाल्यावर तो टप्प्याटप्प्यानं कमी करतात.

"बरोबर?" तिनं विचारलं.

पुस्तकात तसंच होतं. मी बरोबर म्हणाले. कोणतं बाळ, कुणी वाढवलं आणि शेवटी कुणाच्या घरी नांदायला गेलं, हे परीक्षेत विचारत नाहीत. तिला चांगले मार्क पडले.

अमेरिकेला न गेलेल्या पेट्या दादांनी इथल्याच बाजारात काढल्या. दर्जाचा शिक्का होता, त्यामुळं अडचण नव्हती. माझ्या नवऱ्यानं थोड्या घेतल्या. मी सांगितलं नव्हतं, त्यानं आपणहून घेतल्या आणि दर्शनी फळीवर मांडल्या. गिऱ्हाईक येतं, एखादी उचलतं, तिचं पोट दाबतं. परत दाबतं. मग विचारतं, "ही बोलत न्हाई का? सेल कुठं टाकायचा हिला?"

नवरा सांगतो, ही हातानं रंगवलेली आहे, डोळे बघा. लोक डोळे बघतात, छान आहेत म्हणतात, आणि बोलणारी घेऊन जातात. दोन-चार गेल्या, बाकीच्या आहेत. त्यातल्या काही अक्काच्या हातच्या आहेत, त्या मला ओळखू येतात. धूळ बसते म्हणून सुट्टीच्या दिवशी मी दुकानात जाऊन त्या पुसते. नवरा म्हणतो, दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर होलसेलवाल्याला पडत्या भावात परत देऊ, मोबाइलच्या कव्हरांना फळी कमी पडतेय.